एकटीपुरतं पातेलं

दूध वर येण्याआधी सुस्कारल्यासारखा जो एक बारीक आवाज करतं, तो तुम्ही कधी कान देऊन ऐकला आहे का? कडेनं आधी बुडबुड्यांची मौक्तिकमाला उमटते, मग मध्यभागी साय फुगते, आणि सारं पातेलं श्वास रोखल्यागत क्षणभर निःशब्द होतं. त्या निःशब्द क्षणावर पहारा ठेवण्यात माझं अवघं यौवन गेलं. दादाच्या घरात दूध असो, मुलांची भांडणं असोत की खुद्द दादाचा संताप, उतू जायच्या बेताला आलं की आच कमी करायची ती मी. पन्नाशीच्या उंबरठ्यावर या कलेत मी इतकी पारंगत झाले होते, की झोपेतही माझा हात गॅसच्या बटणाकडे जात असावा!

अशा बाईवर एका सकाळी दूध मुद्दाम उतू घालवायची वेळ यावी, हा केवढा विनोद! पण त्या सकाळी हसायला कुणाला सुचत होतं?

जे. पी. नगरात मी एकटीसाठी भाड्याचं घर पाहिलं होतं. घरमालकीण पद्मक्का एकट्या बाईला घर द्यायला मुळीच राजी नव्हत्या. पुष्कळ मनधरणीनंतर वळल्या, पण अट घालून. सामान चढण्यापूर्वी नव्या चुलीवर दूध उकळायचं आणि तेही राहुकाळ लागायच्या आत. "हालु उक्कबेकु," त्यांनी कानडीत बजावलं. दूध उतू गेलंच पाहिजे, नाहीतर घर नाही. किल्ली त्यांच्या मुठीत. खाली माझ्या संसाराचा, म्हणजे एका कपाटाचा, देव्हाऱ्याचा आणि चार खोक्यांचा, टेम्पो उभा. त्याला टेकून दादा. माझं हे प्रस्थान त्याला ठार नापसंत.

मी दूध चढवलं. ते तापलं, खदखदलं, मोठ्या उमेदीनं फुगलं आणि अर्ध्या वाटेवरून निमूट खाली बसलं. आच वाढवली. पुन्हा तेच! पद्मक्कांची नजर घड्याळावर, माझी दुधावर.

"काय गं नलू, टेम्पो वळवू का?" खालून हाक आली. तिच्यात काळजी अधिक होती की आशा, हे मला आजही सांगता येणार नाही.

तेवढ्यात जिन्यावर चपला वाजल्या. "टेम्पो कुणाचा ओ? माझी स्कूटर अडकून बसलीय की!" वरच्या मजल्यावरचे शिंत्रे तणतणत दारात आले. मूळचे निपाणीचे, संशोधन संस्थेत नोकरीला, पत्नी जाऊन बरीच वर्षं झालेली. हे सारं अर्थात मागाहून कळलं. तेव्हा दिसला तो फक्त एक चिडलेला गृहस्थ. त्यानं पातेल्यात डोकावून पाहिलं आणि त्याचा राग विरघळला. "अहो मॅडम, दूध एवढंसं नि पातेलं लग्नघरचं! हे उद्यापर्यंत उतू जायचं नाही ओ."

खरंच की! सहा माणसांचं पातेलं मी सवयीनं उचलून आणलं होतं. एकटीचं माप माझ्या हाताला कधी ठाऊकच नव्हतं.

शिंत्रे दोन-दोन पायऱ्या चढत वर गेले आणि बुडाशी करपलेलं, काठ वाकडा झालेलं एक चिमुकलं पातेलं घेऊन आले. मी दूध त्यात ओतलं. तो सुस्कारा ऐकू आला, साय काठाला लागली, आणि काय सांगू, माझ्या हातानं बटण फिरवलं! दूध खाली. "अय्यो!" पद्मक्का ओरडल्या. खाली टेम्पोचा हॉर्न वाजला.

"हात मागं घ्या की ओ मॅडम! बांधू काय आता?"

शाळेत शिक्षा झालेल्या मुलीसारखे मी हात पाठीमागे गुंफले. आच शिंत्र्यांनी मोठी केली. आयुष्यात इतका अवघड संयम मी कधी पाळला नव्हता. आणि मग ती शुभ्र भरती काठावरून ओसंडली, ओट्यावर पसरली, ज्वाळेवर चरचरली. करपल्या दुधाचा तो वास! एरवी ज्या वासानं माझा जीव गोळा व्हायचा, त्याच वासानं छातीवरचं केवढं ओझं उतरलं!

"सरी, ठीक आहे," म्हणत पद्मक्कांनी किल्ली माझ्या तळहातावर ठेवली. "दादा, सामान वर आण!" मी खिडकीतून ओरडले. तो क्षणभर घुटमळला. मग देव्हारा त्यानं स्वतः उचलला.

ते पातेलं अजून माझ्याकडेच आहे. शिंत्रे दर रविवारी ते न्यायला येतात, चहा घेतात आणि पातेलं विसरून जातात. गेल्या रविवारी मात्र त्यात दूध तापत असताना चुलीपाशी उभे राहून, माझ्याकडे न पाहता म्हणाले, "दोघांच्या चहाला हे लहानच पडतंय की ओ."

स्वयंपाकघर एकाएकी निःशब्द झालं. इतक्या उशिरा हाती आलेलं हे एकटीचं माप, ते इतक्यात पुन्हा मोठं करायचं? की ज्याला मोठं करावंसं वाटतं आहे, त्या मनाचीही आच सवयीनं मीच कमी करत होते? उत्तर ओठांशी घुटमळत असताना तो ओळखीचा सुस्कारा ऐकू आला. साय काठाशी आली होती. शिंत्र्यांचा हात घाईनं बटणाकडे गेला.

"हात मागं घ्या की ओ," मी म्हटलं.