दूध उतू का जातं?

शबानाबाईंचा फोन आला आणि मी मिळेल त्या गाडीनं पुण्याहून निघाले. मुलांना घोकायला न लावता विचार करायला कसं लावायचं, यावर संशोधन करण्यात माझं आयुष्य गेलंय. माझ्या प्रशिक्षणाला पुष्कळ शिक्षक येतात, माना डोलावतात आणि घरी जाऊन पुन्हा छडी शोधतात. शबानाबाईंनी मात्र ते खरंच वर्गात आणलं होतं. आणि आता त्यांचीच शाळा बंद पडायची वेळ आली होती.

भिगवणला उतरून इंदापूरकडची जीप धरली. डावीकडे उजनीचं पाणी, त्यावर पक्ष्यांचे थवे. एरवी थांबले असते. आज पुढं उसाच्या ट्रॉल्या आणि जीप जागची हलेना! पालकांची सभा माझ्याविना सुरू होईल या धास्तीनं मी जीपवाल्यावरच खेकसले.

वस्तीवर (शेतातल्या घरांचा समूह) पोचले तर आधी सत्कार. पोरं-पालकांनी भरलेल्या वर्गात नारळ, शाल, टाळ्या. मग तात्या मुद्द्यावर आले. तात्यांचं दूध संकलन केंद्र. ते जातील तिकडं सगळी वस्ती जाते, हे शबानाबाईंनी आधीच सांगितलं होतं.

"मॅडम, वर्गातनं आवाजच येत न्हाय. पाढं रस्त्यापातूर ऐकू आलं पायजेत. बाई सवाल इचारत्यात (विचारतात) आन गप उभ्या ऱ्हात्यात. बारामतीच्या इंग्लिश शाळंची बस दारात येती. नव्या वर्षी पोरं तिकडंच."

झालं! माझं डोकं फिरलं. घोकंपट्टीनं पोरं पोपट होतात, असं मी ठणकावून सांगितलं.

"म्हंजी आमी पोपट व्हय?" मागून एक आई उसळली. लोक उठायला लागले. शबानाबाईंनी माझा हात दाबला.

"मॅडम, तुम्ही बसा आता," त्या म्हणाल्या. मग पालकांकडं वळल्या, "तुमीबी बसा. आपापल्या पोराशेजारी."

कुरकुरत सगळे बसले. शबानाबाईंनी विचारलं, "दूध तापवलं की उतू जातं. पाणी का जात नाही?"

आणि त्या थांबल्या. पोरं छताकडं बघतायत, बोटं चावतायत. मोठी माणसं चुळबुळतायत.

"अगं, फॅट!" तात्यांना दम निघेना, ते शेजारच्या नातीला म्हणाले. "दुधात फॅट असतं."

नात ईश्वरी म्हणाली, "मग तेल का न्हाय उतू जात, आबा? त्यात तर समदं फॅटच हाय."

कुणीतरी फिदीफिदी हसलं. तात्यांनी टोपी नीट केली, नातीचा हात धरला आणि ते निघून गेले. त्यांच्यामागं हळूहळू बाकीचेही गेले. शबानाबाई रिकाम्या वर्गात सतरंजीची घडी घालत होत्या. त्यांच्याकडं बघायचा मला धीर झाला नाही.

भिगवणला गाडीला वेळ होता. चिलापी (उजनीतला मासा) मागवला, पण घास उतरेना. भाषण ठोकून मीच शाळा बंद पाडली, असं वाटून रडू येत होतं. तेवढ्यात फोन वाजला.

"मॅडम, तात्या बोलतोय. पोरगी घरी आल्यापास्नं चुलीपुढनं हलंना. दूध, पानी, तेल, समदं तापवून बघतीया. मीबी बसलोय. जल्म दुधात गेला, आन हे डोक्यात आलं न्हाय कवा! उत्तर घावंपातूर (सापडेपर्यंत) तिला काय बसमधी घालत न्हाय मी. बाकीचीबी थांबतील. पर तुमाला ठावं आसंल की. सांगून टाका."

साय, तिच्याखाली कोंडलेली वाफ, सगळं माझ्या जिभेवर आलं होतं.

"दोघं मिळून शोधा, तात्या," म्हणाले आणि घाईघाईनं फोन ठेवला. पुण्यापर्यंत ओठ दाबून बसले होते. इतकी वर्षं शिक्षकांना सांगत आले, उत्तर देऊ नका, थांबा. किती जड जातं हो ते!