तीन खिसे आणि एक हरभरा

आबासाहेब देशमुखांच्या केशवचं विलायतेतलं शिक्षण नेमकं कितीला पडलं, ते मला विचारा. सात बैलजोड्या, एक आमराई आणि त्याच्या आईचं दोन वर्षं सुटलेलं गोडधोड. लोक दहा जोड्या सांगतात... पण नांदूरघाटच्या बाजारात त्या मीच विकून दिल्या, तेव्हा सातच.

मी इथला जनावरांचा दलाल. शेळ्या राखत वाढलो, अक्षरओळख तिशीत झाली, पण कान पहिल्यापासून तिखट. माझ्या कानावर आल्यावाचून या बाजारात एक करडू विकलं जात नाही. लांबलांबची माणसं इथं येतात ती माझ्यामुळे, हे मी चारचौघांत छातीठोक सांगायचो...

केशव लंडनहून व्यापाराचं शिकून आला आणि नेमका तेव्हाच हुकूम आला, की आमचा आठवडी बाजार तालुक्याला हलवायचा. महिन्याभराने तहसीलदार साहेब स्वतः येऊन निकाल देणार होते. गावाने बोलायला केशवला पुढे केलं. बाजार गेला असता तर माझी चूल थंडावली असती, आणि केशवचं पुढारीपण सुरू व्हायच्या आधीच मिटलं असतं.

सगळ्यांना वाटलं, आता हा इंग्रजीत भाषण ठोकणार. हा आपला भर उन्हाळ्यात काळा लोकरीचा कोट घालून, वही-पेन्सिल घेऊन बाजारात आला. येईल त्याला एकच सवाल... "तुमी ह्याच बाजाराला का म्हून येता?"

मेंढरं घेऊन आलेल्या म्हाळबाने आधी पेन्सिलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "गणबामामामुळं येतो की! दुसरं हाय काय हितं?" त्याच्या मागचाही तेच बोलला, त्याच्या मागचाही. दिवसभर माझा हात मिशीवरून खाली आला नाही.

संध्याकाळी केशवने वही मिटली. "मामा, तुमी शेजारी हुबं असल्यावर ते दुसरं काय म्हणतील? आन् पेन्सिल दिसली की त्यास्नी वाटतंय, सरकारची नवी पट्टी बसणार."

"मग विलायतेत काय शिकलात, मालक?"

"दुकान टाकायच्या आधी गिऱ्हाईक का म्हून येतं ते इचारायचं, एवढं शिकलो. कसं इचारायचं ते हितंच शिकावं लागंल."

पुढच्या बाजाराला तो हौदाजवळच्या लिंबाखाली बसला. वही नाही, पेन्सिल नाही, मांडीवर फक्त एक रुमाल. आता आमच्या बाजाराची रीत अशी, की जनावराचा भाव कुणी तोंडाने बोलत नाही. घेणारा आणि विकणारा रुमालाखाली हात धरतात, बोटं दाबून आकडा सांगतात... शेजारी उभ्या सख्ख्या भावालाही पत्ता लागत नाही.

केशवने तीच रीत उचलली. पाण्यासाठी येत असाल तर एक बोट दाबा, मामासाठी दोन, दिवसाउजेडी घरी पोचता येतं म्हणून येत असाल तर तीन. त्या कोटाला आतल्या बाजूने तीन खिसे होते. कुणी बोट दाबलं, की दुसरा हात कोटात घालून तो त्या-त्या खिशात एक हरभरा टाकायचा.

रांग लागली! "कोटात शिजला बे पोरगा," कुणीतरी ओरडलं. आबासाहेब लांबून बघत होते, त्यांना राहवलं नाही... "सात जोड्या घालवून लोकांचे हात धरायला शिकलास व्हय रे?" बाजार हसला. केशव घाम पुसत पुढचा हात धरत राहिला.

मी दोन बाजार त्याच्या मागे कान देऊन उभा राहिलो. पण बोटांना आवाज नसतो... शेवटी उठता उठता त्याने माझाही हात रुमालाखाली घेतला.

तहसीलदार साहेब आले, घोंगडीवर बसले. "लोग यहाँ आते क्यों हैं?" केशवने भाषण केलं नाही. बोटांची रीत समजावून सांगितली आणि तीन खिसे घोंगडीवर रिकामे केले. पाण्याचा ढीग ओंजळभर, दिवसाउजेडी घर गाठणाऱ्यांचा मूठभर. आणि मधे, दोन बोटांचा... एकच दाणा.

साहेब उठून हौदापाशी गेले. म्हाळबाची मेंढरं पाणी पीत होती, त्यांच्याकडे बघत उभे राहिले. मग त्यांनी बरोबरच्या पेशकाराला, म्हणजे आपल्या कारकुनाला विचारलं, तालुक्याला वैशाखात एवढ्या जनावरांना पुरेल असं पाणी कुठे आहे? कुठेच नाही, हे पेशकाराला कबूल करावं लागलं. बाजार राहिला. जाताना साहेबांनी तालुक्याचा कारभार बघणाऱ्या लोकल बोर्डासाठी केशवचं नाव लिहून घेतलं.

घोडीवर चढता चढता साहेब थांबले. "और वो एक दाना किसका?"

केशवने प्रत्येक हात स्वतः धरला होता, त्याला पक्कं ठाऊक होतं. तो हसून म्हणाला, "साहब, रुमाल के नीचे की बात रुमाल के नीचे."

त्या दिवसापासून चार गावचे तंटे केशवकडे येतात. स्वतःच्या वडिलांना सांगता येत नाही ते लोक त्याला येऊन सांगतात. असा पुढारी सात जोड्यांना मिळाला, म्हणजे सौदा स्वस्तातच पडला... दलालाचा शब्द आहे.

म्हाळबा परवाही भेटला. "मामा, तुमच्याबिगर हाय काय ह्या बाजारात?" मी हसून त्याच्यापुढे तंबाखूची चंची धरली.

तो एक दाणा माझाच होता.