ओल्या केसांना धूर लवकर लागतो

ताईसाहेबांनी माझं डोकं हुंगलं. भरल्या दुकानात.

समोर गादीवर पाच-सहा बायका बसल्या होत्या. नागद्याहून लग्नाचा बस्ता बांधायला आलेल्या. मी पदर खांद्यावर टाकून दाखवत होते, भाव पाडू देत नव्हते आणि त्या हसत हसत माझ्याशी भांडत होत्या. सौदा जमत आला होता. तेवढ्यात दुकानाच्या मालकीण ताईसाहेब मागून आल्या. कानात काही सांगावं तशा वाकल्या आणि नाक माझ्या केसांपाशी आणलं. श्वास ओढला. तो मला ऐकू आला.

मग अगदी गोड आवाजात, मराठीत म्हणाल्या, "आज परत धूर. मागे सरक. गिऱ्हाइकाच्या अंगावर वाकू नकोस, शिसारी येते."

चेहऱ्यावरचं हसू जराही हललं नाही.

समोरच्या जाड चष्म्याच्या बाईने मला विचारलं, "क्या बोलीं मैडम?"

मी म्हणाले, "कह रही हैं, आंटीजी को अच्छी वाली दिखाओ."

"हाय राम, आप लोगों की मराठी कितनी मीठी लगती है!"

मी मागे सरकले. काउंटरवरची दुसरी मुलगी, रेखा, पुढे झाली. माझा सौदा तिने पुरा केला.

उज्जैनमध्ये मराठी ही दाराच्या आतली भाषा. बाजारात, टेम्पोत, दवाखान्यात, भांडणात, सगळीकडे हिंदी. वडील अकोल्याकडून रेल्वेत गँगमन म्हणून इथे आले आणि इथेच गेले. त्यांच्यामागे घरात मराठी बोलणारी आई तेवढी उरली. त्यामुळे माधव नगरातल्या त्या शोरूममध्ये काम मागायला गेले आणि मालकीणबाई मराठीत बोलल्या, तेव्हा मला खरंच आनंद झाला होता. आता लाज वाटते, पण झाला होता.

"अगं बाई, आपलीच मुलगी की!" ताईसाहेब म्हणाल्या. त्यांचे पूर्वज दरबारात होते. हे त्या पहिल्या पाच मिनिटांत सांगतात. मग त्यांनी माझं आडनाव विचारलं. मी सांगितलं. मी भैरवगढला राहते म्हटल्यावर, तिथे कुठे, विचारलं. मी वस्तीचं नाव सांगितलं. आमच्या वस्तीवर निळा झेंडा आहे, तो रस्त्यावरूनच दिसतो. ताईसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"असू दे," म्हणाल्या. "बोलायला चुणचुणीत दिसतेस."

चुणचुणीत मी होतेच. देवास गेटच्या बस स्टँडवर छापील ओढण्या विकत मोठी झालेय. बस सुटायच्या आत, खिडकीतून, चालत्या चाकाबरोबर पळत सौदा करायचा. समोरची बाई पर्समध्ये हात घालते की नुसता रुमाल शोधते, हे मला तिच्या कोपरावरून कळायचं. ताईसाहेबांच्या दुकानात महिन्याभरात माझ्याएवढा माल कोणी विकत नव्हतं. हे त्यांना माहीत होतं. मलाही माहीत होतं. म्हणूनच मला वाटायचं, विक्री चांगली केली की बाकीचं आपोआप मिटेल.

माझे केस आईसारखे. कुरळे, दाट, कंगव्याचे दात मोडणारे. लग्नसराईच्या आधी ताईसाहेबांनी आम्हा काउंटरवरच्या मुलींना ओळखीच्या पार्लरमध्ये नेऊन केस सरळ करून घेतले. दुकान एकसारखं दिसायला हवं, म्हणाल्या. खर्च त्यांनीच केला. मी आरशात बघितलं. कोणीतरी दुसरीच होती. छान दिसत होती, खोटं कशाला बोलू.

"पैसे माझे लागलेत," ताईसाहेब म्हणाल्या. "नीट सांभाळायचे."

त्या दिवसापासून माझ्या डोक्यावरचे केस त्यांचे झाले.

पार्लरच्या मुलीने आम्हाला समजावून सांगितलं होतं. थंडीत आठवड्यातून दोनदा धुवा, जास्त नको, कोरडे पडून तुटतात. दर वेळी कंडिशनर लावा, पण लांबीला, मुळांना नाही. पाणी कोमट घ्या. ओले बांधू नका, खूण पडते.

ताईसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग माझ्याकडे बघून मराठीत म्हणाल्या, "तू दिवसाआड धुवायचे. शाम्पू, कंडिशनर, दोन्ही."

"पण ती तर म्हणाली..."

"इतरांचं निराळं. तू जिथून येतेस तिथून येतेस."

रेखा माझ्याकडे बघून हसली. तिला वाटलं, आमचं काहीतरी घरगुती चाललंय.

आता माझ्या घरचं सांगते. आमच्याकडे नळ एक दिवसाआड येतो, तोही सकाळी, अंधारात. डिसेंबर-जानेवारीत ते पाणी हातावर घेतलं की हात आपला वाटत नाही. गॅस स्वयंपाकापुरता. अंघोळीचं पाणी अंगणातल्या चुलीवर तापतं. आई ठशांनी कापड छापतात त्या छापखान्यात कापड धुवायच्या कामाला जाते, तिथल्या भट्टीतली अर्धी जळकी लाकडं घेऊन येते, तीच चुलीत जातात. ती ओलसर असतात. पेटत नाहीत, नुसती धुमसतात.

मी डोकं धुवायची, शाम्पूची पुडी, कंडिशनरची पुडी. आणि पुसत पुसत न्हाणीतून बाहेर यायची. बाहेर अंगणात धूर भरलेला. आणि ओल्या केसांना धूर लवकर लागतो. कोरड्याला लागतो त्याहून जास्त लागतो, आत शिरतो, सुकला की बसतो. म्हणजे धूर घालवायला न्हायचं, न्हायला पाणी तापवायचं, पाणी तापवायला चूल पेटवायची, आणि चुलीचा धूर धुतलेल्या केसांत घेऊन कामावर जायचं. जितके जास्त धुतले तितका जास्त वास.

मी काय काय करून पाहिलं! थंड पाण्याने न्हाले, ताप आला. पाणी कमी पडलं म्हणून कंडिशनर अर्धवट धुतलं, तर केस चिकट झाले आणि टेम्पोतली सगळी धूळ त्यांना लागली. ओले केस बांधायचे नाहीत, म्हणून भैरवगढपासून माधव नगरपर्यंत धुक्यात, उघड्या टेम्पोत, ओले मोकळे केस घेऊन जायची. कानात गारठा शिरायचा. बाजूचे लोक म्हणायचे, "बहनजी, सिर ढँक लो, मर जाओगी." मी झाकायची नाही. ओढणीलाही धूर असायचा.

आई बघायची. एकदा म्हणाली, "कोणासाठी एवढी मरतेस?"

"कामासाठी."

"कामाला हात लागतात. डोकं कशाला हुंगतात?"

मी तिच्यावर खेकसले. तुला काय कळतं, म्हणाले. माझा राग असाच आहे, जिथे काढायला हवा तिथे निघत नाही, आईवर निघतो.  दुसऱ्या दिवशी तिने चूल उचलून अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला नेली. वारा तिकडूनच यायचा.

केस तुटायला लागले. आधी टोकं, मग मधूनच. उशीवर, कंगव्यात, साड्यांच्या घड्यांवर. एका गिऱ्हाइकाने पदरावरून माझा लांब सरळ केस चिमटीत उचलून बाजूला टाकला. ताईसाहेबांनी ते पाहिलं. मराठीत म्हणाल्या, "आता मालावर पण." आणि हसल्या.

रोज हेच. मालकीण गोड हसायची, मराठीत बोलायची, आणि गिऱ्हाइक विचारायचं, क्या बोलीं? आणि मी उत्तर बनवायची. कह रही हैं चाय मँगाओ. कह रही हैं नया माल खोलो. कह रही हैं आपका रंग कितना खिल रहा है. मी शिवी घ्यायची आणि तिचं कौतुक करून पुढे द्यायची. माझी भाषा. आईने जिच्यात मला निजवलं ती. तिचा चाबूक झाला होता आणि त्यावर सोनेरी कागद मीच गुंडाळत होते.

जानेवारीत आमच्या वस्तीचा नळ बरेच दिवस बंद पडला. टँकर यायचा, पिण्यापुरतं मिळायचं. माझं डोकं आठवडाभर धुतलं गेलं नव्हतं. रेखाला सांगितलं. ती माधव नगरातच राहायची, दुकानापासून पायी. जातीने ब्राह्मण, स्वभावाने साधी. म्हणाली, "दीदी, कल सुबह मेरे यहाँ नहा लो ना. गीजर है."

गेले. तिच्या न्हाणीघरात तोटीतून गरम पाणी येत होतं. धूर नाही, लाकूड नाही. मी तिचाच शाम्पू घेतला, तिचंच कंडिशनर. पार्लरवालीने सांगितलं तसं फक्त लांबीला लावलं, थांबले, स्वच्छ धुतलं. तिच्या ड्रायरने केस सुकवले. तिनेही त्या दिवशीच डोकं धुतलं. ती आठवड्यातून एकदाच धुवायची, मधल्या दिवसांत खोबरेल लावून यायची, आणि ताईसाहेब म्हणायच्या, "कितनी अच्छी खुशबू है, एकदम घर जैसी."

निघताना मी रेखाची बट नाकाशी धरली. मग माझी धरली. परत तिची. काहीही फरक नव्हता. एकाच बाटलीतला वास.

"क्या कर रही हो दीदी, पागल हो?" रेखा हसत म्हणाली.

मी काटा तपासत होते. बाजारात वाढलेय. वजनात खोट दिसली की दोन्ही पारड्यांत सारखा माल टाकून पाहायचं, मग कळतं खोट मालात आहे की काट्यात.

दुकानात गेलो. गर्दी होती. एक आई आणि तिची लग्नाची मुलगी माझ्यासमोर बसल्या. मी साड्या उघडल्या. मुलीला जांभळट फालसई रंगाची साडी आवडली होती, आई म्हणत होती, "रंग तो नी छोड़ेगी?" मी सांगत होते, नी छोड़ेगी आंटीजी, लिखकर दूँ क्या? बाई हसत होती.

ताईसाहेब गल्ल्यापाशी उभ्या होत्या. त्या आल्या नाहीत. वाकल्याही नाहीत. तिथूनच, पार लांबून, गोड आवाजात म्हणाल्या, "वास येतोय गं. मागे हो. रेखाला बसू दे."

रेखा माझ्या बाजूलाच उभी होती. तोच शाम्पू, तेच कंडिशनर, तेच पाणी.

माझे हात साडीवर होते. मी त्यांच्याकडे बघत राहिले. इतके दिवस मी काय धूत होते?

समोरच्या बाईने विचारलं, "क्या कहा इन्होंने?"

मी उभी राहिले. आवाज चढवला नाही. माझा चढतो, पण तेव्हा चढला नाही.

"कह रही हैं, मेरे बालों से बदबू आ रही है, मैं पीछे हो जाऊँ," मी म्हणाले. "रोज यही कहती हैं. मराठी में, ताकि आप लोग न समझें. परसों कहा था, मुझे देखकर घिन आती है. मैं रोज आपको झूठ बताती थी. आज सही बताया."

 

मला वाटलं होतं, काहीतरी होईल. कोणीतरी साडी खाली ठेवेल. एखादी बाई म्हणेल, ये तो गलत बात है. रेखा म्हणेल, आज दोघींनी एकाच ठिकाणी डोकं धुतलंय. मी रेखाकडे पाहिलं. ती घडी घातलेली साडी परत उघडून परत घडी घालत होती.

त्या बाईने मुलीकडे पाहिलं. घसा साफ केला. मग रेखाला म्हणाली, "बेटा, वो फालसई वाली जरा इधर दिखाना."

बस. एवढंच झालं.

ताईसाहेब हिंदीत म्हणाल्या, "इसकी तबीयत ठीक नहीं है, आप लोग देखिए." मग माझ्याजवळ आल्या आणि पहिल्यांदाच न हसता, मराठीत, "उद्यापासून येऊ नकोस. असू दे म्हणून घेतलं होतं तुला."

मी चपला घातल्या. टेम्पोत बसले. घरी आई चुलीपाशी होती. मी तिच्या शेजारी धुरात जाऊन बसले आणि धुतलेले केस सुटे सोडले. 

आता देवास गेटला माझं स्वतःचं छोटं दुकान आहे. छापील साड्या, ओढण्या, चादरी. मुळांतून कुरळे केस आलेत, खाली सरळ लोंबतात, मध्ये तुटलेले. विचित्र दिसतं. डोकं मला वाटेल तेव्हा धुते. लोक म्हणतात, बघ, शेवटी चांगलंच झालं की तुझं. नाही झालं. आजही घरातून निघताना माझा हात आपोआप वर जातो आणि एक बट नाकाशी येते. मी थांबवू पाहते. थांबत नाही. त्या मालकीणबाईने माझं नाक तिचं करून ठेवलंय.

या हिवाळ्यात ती बाई आली. ठोक माल हवा होता. मला पाहून दचकली, मग सावरली, आणि तेच हसू काढलं. "अगं, तू होय! आपल्यात कसली गं घासाघीस? घरचा भाव लाव."

मी हिंदीत भाव सांगितला. एकच. ती मराठीत बोलत राहिली, मी हिंदीत. शेजारचे दुकानदार ऐकत होते, त्यांना माझं कळत होतं. ती उठून पुढच्या दुकानात गेली आणि तिथून माल घेतला. माझं नुकसान झालं. होऊ दे. 

हे मी हिंदीत लिहिलं असतं तर सोपं होतं. पण हिंदीत जे सांगायचं ते मी त्या दुकानात उभं राहून सांगितलं, आणि ऐकून लोकांनी फालसई मागितली. मराठी मासिकं तिच्या काउंटरवर पडलेली असायची. ती वाचते. तिचे लोक वाचतात. म्हणून हे मराठीत. ही भाषा माझ्या आईची आहे, ती मी त्या बाईच्या हाती सोडणार नाही.

आणि यापुढे माझ्यासमोर कोणीही कोणालाही गोड आवाजात काही बोललं आणि शेजारच्याने मला विचारलं, क्या बोलीं, तर मी सांगणार. जे बोललं तेच. हसून नाही.