तट्टीपलीकडचं उत्तर

अंधेरीतली आमची पाद्र्यांची शाळा तेव्हा वाढत होती. मुलं भराभर आली, वर्ग मात्र अपुरे. म्हणून फादरांनी चर्चमागच्या हॉलमध्ये बांबूची तट्टी उभारली आणि अलीकडे तिसरी, पलीकडे चौथी बसवली. मी तिसरीत, माझा भाऊ चौथीत. बाईंनी मला काही विचारलं की तो फटीतून उत्तर कुजबुजायचा.

एकदा बाईंनी विचारलं, "तेरा सक किती?"

फटीतून आलं, "पंच्याऐंशी."

"पंच्याऐंशी!" मी छातीठोकपणे ओरडलो.

वर्ग खो खो हसला. तेवढ्यात तट्टीवरून फादरांची दाढी डोकावली. भावाला उठवून तेच त्याच्या जागी बसले होते.

"सॉरी, बाळ," ते म्हणाले, "माझं गणित कच्चं आहे."

मे महिन्याच्या सुट्टीत तिथे विटांची भिंत उठली, आणि मला पाढे पाठ करावे लागले.