अंतऱ्यातला सूर

आमच्या गिरगावातल्या चाळीत शेजारी राहणारे मास्तर एका बड्या संगीतकाराचे सहाय्यक होते. सहाय्यक म्हणजे चाली मास्तरांनी बांधायच्या आणि नाव साहेबांचं लागायचं. सिनेमाला गेले की मास्तर मुद्दाम उशीर करून, नावांच्या पाट्या संपल्यावरच आत शिरायचे. कोणी गाण्याचं कौतुक केलं की म्हणायचे, "साहेबांचा हात आहे."

एक चाल त्यांनी महिनाभर घोळवली. भिंतीपलीकडून ऐकून मलाही ती पाठ झाली. अंतऱ्यात असा काही कोमल निषाद लागायचा की मी हातातलं पुस्तक मिटून भिंतीला कान लावायचो. रेकॉर्ड आली तेव्हा तिथे शुद्ध निषाद होता. साहेबांना म्हणे तो सूर रडका वाटला.

पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत कलापथकाने त्याच चालीवर नवे शब्द बसवले. परळच्या सभेत मी आणि मास्तर गर्दीत उभे होतो, तेव्हा "मुंबई आमची" म्हणत हजारो लोक ते गाऊ लागले.

मी चिडून म्हटलं, "मास्तर, चाल तुमची आहे. निदान आज तरी सांगा. सगळे चुकीची गातायत!"

"गप रे. एवढी माणसं गातायत, मग चूक कसली?"

अंतरा आला. मास्तरांनी मूठ उंचावली आणि खड्या आवाजात साहेबांचाच सूर लावला.