समोरचे काका

देवळामागच्या आमच्या जुन्या गल्लीत समोरचे काका सदा उंबऱ्यात बसलेले असत. दर्शनाला आलेल्या कुणी गाडी आडवी लावली, की ओरडत, “ओ पावणं, हितं माणसं ऱ्हात्यात.” मला त्या आवाजाची लाज वाटायची.

एका दुपारी आईच्या छातीत दुखायला लागलं. गाड्यांमुळे ॲम्ब्युलन्स आत येईना. काकांनी आईला खुर्चीत बसवलं, एक बाजू मला धरायला लावली आणि तसंच तिला रस्त्यापर्यंत नेलं. आई वाचली.

पुढच्या वर्षी मी घर लॉजवाल्याला विकलं. काकांना सांगायचा धीर झाला नाही. टेम्पोत सामान चढताना बघून ते उठून आले.

“सांगायचंस की रं,” एवढंच मला म्हणाले. मग आईकडे वळले. “वैनी, नव्या जागंत कोण हाय का हाकेला?”

आईनं माझ्याकडे पाहिलं.