न तुटलेली रेघ

धुकं इतकं दाट होतं की हात लागेपर्यंत शटर दिसलं नाही. कानमास्तरांनी कुलूप काढलं, शटर वर सारलं आणि आधी डावा गुडघा चोळला. मग कॉम्प्रेसरच्या टाकीतलं साचलेलं पाणी सोडलं. अशा थंडीत रबर आखडतं आणि गाड्या बोलायला लागतात. म्हणजे आज गर्दी.

गाडी जमिनीलगत बसवायची, कडक स्प्रिंगा आणि रेसच्या धर्तीचे शॉकअप घालायचे, ही हौशी लोकांची खाज. ते बसवून देणं आणि नंतर येणारे आवाज शोधणं, हा मास्तरांचा पंचवीस वर्षांचा धंदा. लांब पेचकसाचं टोक लोखंडाला टेकवायचं आणि मूठ कानाला. कुईं म्हणजे कोरडं रबर. टकटक म्हणजे लिंक रॉड. स्टिअरिंग फिरवताना टण्ण म्हणजे स्प्रिंग बैठकीत अडकून सुटतेय. एकाला त्यांनी फोनवरच सांगितलं होतं, "गाडीला काही झालेलं नाही. डिकीत जॅक सुटा पडलाय, बांधून ठेवा." निघालाही जॅकच.

त्यांची दुसरी ख्याती पिवळ्या रेघेची. नट पुरता आवळला की नटावरून बोल्टावर रंगाची एक बारीक रेघ ओढायची. नट हलला तर रेघ तुटते. मास्तरांची रेघ शाबूत म्हणजे नट शाबूत, हे गिऱ्हाइकं एकमेकांना शपथेवर सांगत.

शटर उघडून दहा मिनिटं झाली नसतील, तोच कोचबाईंची लाल गाडी आत आली. बाई लहान मुलांना पोहायला शिकवतात. गाडी धाकट्या भावाची. त्याने सगळं रेसचं सामान मास्तरांकडून घालून घेतलं आणि स्वतः नोकरीसाठी परदेशी गेला.

"तिसरी खेप मास्तर," बाई उतरता उतरताच म्हणाल्या. "ब्रेक दाबला की कुट्ट. सोडला की कुट्ट. उद्या पहाटे चार पोरं घेऊन घाट उतरायचाय, स्पर्धा आहे. जाऊ की नको, एवढंच सांगा."

"अहो बाई, रेसचं सामान ते. त्यात मऊपणा नसतोच. थोडं कुरकुरणारच."

"मागच्या दोन्ही वेळी हेच म्हणालात. सासूची समजूत घातल्यासारखं."

काउंटरमागे बसलेल्या मास्तरीणबाई खुदकन हसल्या. गिऱ्हाइकांचं रजिस्टर आणि मास्तरांचा तोल, दोन्ही त्याच सांभाळायच्या.

मास्तरांनी गाडी लिफ्टवर चढवली. वरची बेअरिंग पाहिली, लिंक रॉड हलवले, स्प्रिंगांच्या बैठका चाचपल्या. सगळं चोख. नटांवरून बॅटरी फिरवली. प्रत्येक रेघ सरळ, अखंड. 'जा खुशाल' हे शब्द अगदी ओठांवर आले होते.

"अहो, आवाज कुठून येतो ते ऐकलंत कुठे?" मास्तरीणबाई म्हणाल्या. "नुसत्या रेघा वाचताय."

नाखुशीनेच त्यांनी गाडी खाली घेतली. बाई आत बसून ब्रेक धरू-सोडू लागल्या, मास्तरीणबाई मागून गाडीला हिसके देऊ लागल्या आणि मास्तर पोत्यावर आडवे होऊन पेचकस कानाला लावून सरकले. कुट्ट. पुढे सरकले. कुट्ट! चाकाला धरून ठेवणारा जो खालचा हात असतो, लोअर आर्म, त्याच्या बोल्टाशी. पण त्या नटावर तर रेघ होती. जशी ओढली तशी.

"इथे असणं शक्यच नाही," ते पुटपुटले.

"रेघेला काय विचारताय? पाना लावा."

त्यांनी पाना लावला. नट फिरला. पाव वळसा, अर्धा, पुरा एक, आणि तरी फिरतच राहिला. हा नट आवळलेला असला की मोठी माणसंसुद्धा पान्यावर लोंबकळतात. मास्तरांचा हात आपोआप मागे आला.

नायलॉनच्या कड्याचा नट तो. सैल असला तरी आपण होऊन फिरत नाही. म्हणून रेघ तुटली नव्हती. तो नट सुटला नव्हता. तो कधी आवळलाच नव्हता.

गाडीखालून बाहेर येऊन ते फरशीवरच बसून राहिले. 

"काय झालं?" मास्तरीणबाई घाबरल्या. "चमक आली का गुडघ्यात?"

गुडघाच. हे बोल्ट गाडी हवेत असताना नुसते हाताने बसवायचे आणि चाकं जमिनीवर टेकून वजन आलं की मगच आवळायचे, नाहीतर आतलं रबर पिळवटतं. पण बुटक्या गाडीखाली लोळायचं म्हणजे गुडघा बोंब मारायचा. म्हणून गेले चार महिने ते रेघ आधीच ओढून टाकत, लिफ्टवर, आरामात उभ्याने. आवळायचं खाली आल्यावर, आणि त्यात तुटलेली रेघ रंगाच्या एका ठिपक्याने जोडून घ्यायची. या गाडीच्या वेळी खाली आल्यावर कुणीतरी हाक मारली असेल, चहा आला असेल. आठवत नव्हतं. परत येऊन त्यांनी रेघ पाहिली असेल आणि झालं म्हणून सोडलं असेल.

"बाई," ते म्हणाले, "सामानाचा दोष नाही. हा नट मी आवळलाच नव्हता. चार महिने मी रेघ आधी ओढतोय, आवळतोय नंतर."

कोचबाई गाडीतून उतरल्या. "रोज सकाळी चार पोरं असतात हो मागे."

"हो."

"आणि मी दोनदा विचारलं तुम्हाला."

"हो."

"एखाद्या उतारावर..." त्या भिंतीला टेकल्या.

मास्तरीणबाई रजिस्टर काढून चार महिन्यांची पानं उलटत होत्या.  "अकरा गाड्या आहेत अहो."

"लाव फोन. मीच बोलतो."

एकेक फोन लागत गेला. "कानमास्तर बोलतोय. गाडी कुठे आहे? घरी? मग जागची हलवू नका, मी पाना घेऊन येतो. नाही, आवाज येत नसला तरी. माझी चूक आहे." सातव्याने हसून विचारलं, "सकाळी सकाळी थट्टा करताय होय मास्तर?" त्याला सगळं पुन्हा सांगावं लागलं.

"पोरांना मी उद्या बसने नेते," कोचबाई शेवटी म्हणाल्या. "गाडी राहू दे. नवा बोल्ट घाला. आणि तुम्ही आवळाल तेव्हा मी इथे उभी राहणार."

"उभ्या नाही, बसा. वेळ लागेल."

गॅरेजशेजारच्याच इमारतीतला एकजण स्वतःच गाडी ढकलत दारात आणून उभा राहिला. मास्तर गुडघ्यावर हात ठेवून उठले. आता जिथे लोळायचं होतं ती जागा त्यांनी पाहिली: ग्रीस, वायसर, कालची माती. कोपऱ्यातला झाडू घेऊन ते खाली वाकले आणि फरशी झाडायला लागले.